सातेरी मधमाश्यांच्या वसाहतीचं विभाजन (एकीच्या दोन करणं) लहान ए पेटीतून मोठ्या बी पेटीत करताय? मग हे वाचा

दादा, घाई करू नका. आधी पोळ्यात नर आहेत का बघा, सातेरीच्या नरांच्या घरांची टोपी फुगीर असते आणि तिला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं, ते दिसलं की नवी राणी फळायची सोय आहे समजा. पावसाळ्यात तर नकोच.

ए ची फ्रेम (पोळं धरणारी चौकट) लहान, बी पेटीत लटकतच नाही. म्हणून पोळं कापून वरची बाजू वरच ठेवत बी च्या फ्रेममध्ये बसवा आणि केळीच्या सोपटाने बांधा, दोन दिवसात माश्या मेणाने चिकटवतात. मधाचा भाग बांधू नका हो, जड असतो, फाटून खाली येतो, माझं असंच झालं आणि मुंग्यांनी सगळं खाल्लं.

राणी जुन्या पेटीतच राहू द्या. नव्या पेटीत ताजी अंडी हवीतच, त्याशिवाय राणी कशापासून करणार? शिवाय दोन फ्रेमच्या माश्या नव्या पेटीत जास्त झटका, कारण उडत्या माश्या जुन्या दाराशी परत जातात, जमलं तर पेटी २-३ किमी लांब न्या. दार बारीक, साखरपाणी संध्याकाळीच.

मग ३ आठवडे अजिबात उघडू नका, सातेरी चिडली की पेटी सोडून जाते.