पाण्यात बुडवलेले अळवाचे पान चंदेरी का दिसते?

प्रश्न : वड्यांसाठी अळवाची पाने धुताना ती बादलीत बुडवली की वर्ख लावल्यासारखी चमकतात आणि बाहेर काढली की कोरडीच निघतात. असा पृष्ठभाग बोटीच्या तळाला दिल्यास पाण्याचा विरोध कमी होतो, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे; मात्र प्रयोगशाळेत जे साधते ते समुद्रात टिकवणे कठीण आहे.

तुम्हाला दिसणारी चमक पानाला बिलगलेल्या हवेमुळे येते. अळवाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे बारीक कण असतात; पाणी उंचवट्यांच्या माथ्यावरच टेकते, फटींत शिरत नाही, आणि तिथे अडकलेल्या हवेच्या थरावर तिरका पडणारा प्रकाश आरशावरून फिरावा तसा पुरता परावर्तित होतो. पान अंगठ्याने चोळून पुन्हा बुडवा : मेण गेले तेवढ्या जागी चमक दिसणार नाही.

बोटीच्या तळाला लागून असलेले पाणी त्याला चिकटून राहते आणि पलीकडचे थर त्यावरून घासत जातात. मध्ये हवा असेल तर हे घासणे बरेच कमी होते, कारण २० अंश सेल्सियस तापमानाला पाण्याची श्यानता (थर एकमेकांवरून घसरताना होणारा आतला विरोध) हवेच्या सुमारे ५५ पट असते.

‘अळवावरचे पाणी’ आपण क्षणभंगुरतेसाठी म्हणतो. इथे क्षणभंगुर ठरते ती हवा. दहा मीटर खोलीवर दाब जवळपास दुप्पट होतो, हवा आक्रसते, हळूहळू पाण्यात विरघळते आणि उरलेली प्रवाहाबरोबर निघून जाते. मग फटींत पाणी भरते आणि तो खडबडीत तळ गुळगुळीत तळापेक्षाही जास्त विरोध करू शकतो. त्यावर शेवाळ धरले तर बोलायलाच नको.

या अडचणीवर निसर्गातला तोडगा साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याकडे आहे. मूळची ब्राझीलची ही वनस्पती केरळच्या जलाशयांत उपद्रवी तण म्हणून कुप्रसिद्ध आहे. तिच्या पानांवरील केसांना चार फाटे असून ते टोकाशी पुन्हा जुळतात, त्यामुळे केस अंडी फेटण्याच्या फेटणीसारखा दिसतो. सारा केस पाणी झिडकारतो, फक्त टोकाच्या चार पेशी पाणी धरून ठेवतात, आणि म्हणून पाण्याचा पृष्ठभाग टोकांशी अडकून राहतो व खालची हवा सहजी निसटत नाही. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे दाखवून दिले.

काही मोठ्या जहाजांच्या तळाखाली आज कॉम्प्रेसरने बुडबुडे सोडले जातात. तिथे हवा धरून न ठेवता सतत पुरवली जाते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा इंधनाच्या बचतीतून वजा करावी लागते.