बंदुकीची सफाई: घरातलं काय चालेल?

प्रश्न: वडिलांची परवान्याची बारा बोअर दुनळी आता रीतसर माझ्या नावावर झाली आहे. सफाईचा मूळ संच मात्र सापडत नाही. हँगरची तार सरळ करून तिला फडकं गुंडाळायचं, जुना टूथब्रश आणि रॉकेल वापरायचं आणि शेवटी स्वयंपाकाच्या तेलाचा हात फिरवायचा, असं मनात आहे. चालेल का?

उत्तर: टूथब्रश, फडकं आणि रॉकेल चालेल. तार आणि स्वयंपाकाचं तेल मात्र बंदुकीजवळ आणूही नका.

हात लावण्याआधी बंदूक उघडा. दोन्ही चेंबर, म्हणजे नळीची काडतूस बसते ती मागची जागा, डोळ्यांनी पाहा, बोट घालूनही पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मी शस्त्रागारात काम करत असे, तेव्हा शेजारच्याने ‘रिकामी आहे’ म्हणून हातात दिलेली बंदूकही आम्ही पुन्हा उघडून बघायचो आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नसे.

आता तार. ती पोलादी असते, कापलेलं टोक धारदार असतं आणि गुंडाळलेलं फडकं दुसऱ्याच फेरीत सरकतं. मग टोक नळीच्या आतल्या भिंतीला ओरखडे काढतं. त्या ओरखड्यांत ओल आणि काजळी धरते, गंज तिथूनच सुरू होतो. रायफलीत तर नुकसान आणखी मोठं, कारण गोळी नळीची शेवटची कड सोडते तिथे एका बाजूला खरचटलेलं असेल तर नेम बिघडतो. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर रुंद असते, म्हणून तुमच्यासाठी जाड, सरळ, गुळगुळीत घासलेली लाकडी काठी उत्तम. अरुंद नळीत मात्र लाकूड नको. बारीक काठी आत मोडते आणि तुकडा काढताना जीव मेटाकुटीला येतो. तिथे गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी घ्यावी, एक टोक तापवून चपटं करावं, त्यावर चिंधी अडकवावी आणि चेंबरकडून तोंडाकडे ओढून घ्यावी. पुलथ्रू म्हणतात ते हेच.

चिंधी धुतलेल्या सुती बनियनची असावी. बोटाने ढकलल्यावर थोडी अडखळत आत जाईल इतकीच जाड. ठासून भरलेली अडकते आणि आत विसरलेली चिंधी पुढचा बार काढताना नळी फाडू शकते. सफाई झाली की नळी उजेडाकडे धरून चेंबरच्या बाजूने आरपार बघायचं, यात सूट नाही.

रॉकेल काजळी आणि जुनं चिकट तेल छान सोडवतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको. पेट्रोल तर कधीच नको, त्याची वाफ लांबूनही पेट घेते. पण रॉकेल गंजापासून फारसं राखत नाही, म्हणून ते कोरडं पुसून वर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. स्वयंपाकाचं तेल हवेने घट्ट होत जातं आणि तव्याच्या कडेला जमतो तसा चिकट थर यंत्रात धरतो. बंदूक महिनोन् महिने कपाटात राहिली की घोडा जड चालतो तो बऱ्याचदा यामुळेच. बाजारात मिळणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली धातूवरची ओल हटवण्यासाठी तयार झाला. भिजलेल्या बंदुकीला तो उपयोगी आहे, दीर्घकाळच्या राखणीला मला पुरेसा वाटत नाही. व्हिनेगर वापरू नका, नळीवरचा निळा-काळा मुलामा जातो. ब्लीच तर स्टेनलेस पोलादालाही खातं.

वडिलांची फार जुनी काडतुसं वापरली असतील तर एक गोष्ट वेगळी. काडतुसाच्या बुडाशी बार पेटवणारी छोटी टोपी असते, जुन्या काही टोप्यांतल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचं मीठ नळीत राहतं, ते हवेतली ओल ओढतं आणि लवकरच गंज चढतो. हे मीठ तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. नळ्या वेगळ्या करून कढत पाणी ओता, पूर्ण कोरड्या करा आणि लगेच तेल द्या.

टूथब्रशवर ठळक खूण करा, तो पुन्हा न्हाणीघरात जाऊ नये. काजळीत शिसं असतं. हातमोजे घाला, काम चालू असताना काही खाऊ नका, नंतर हात साबणाने धुवा आणि चिंध्या घरच्या कपड्यांत धुऊ नका. घरात लहान मूल असेल तर हे अधिकच पाळा, शिशाचा त्रास मुलांना जास्त होतो.

पुढच्या वेळी बार काढण्याआधी नळीतून एक कोरडी चिंधी फिरवून आतलं तेल पुसून घ्या.

प्रश्न: मुलीच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीलाही शिलाई मशीनचं तेल नळीत सोडू का?

उत्तर: नको. दट्ट्यासमोर हवा दाबली जाते तेव्हा इतकी तापते की तिथे पोचलेलं तेल पेटतं. बार मोठा वाटतो, पण आतलं सील आणि स्प्रिंग खराब होते. नळीतून फक्त कोरड्या चिंध्या ओढा. तेलाचा पातळ हात बाहेरच्या धातूवर द्या आणि बिजागरीला एक थेंब पुरे.