घोडी सोडवून आणली, पण तिला नीट दिसत नाही

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. नुकतीच मी एक घोडी सोडवून आणलीय, आधीच्या माणसाने तिला धड खायलाही घातलं नव्हतं, बरगड्या मोजून घ्या अशी अवस्था. उजव्या डोळ्यात निळसर पांढरं फूल पडलंय, डावा डोळा ती सारखा मिचकावते आणि त्यातून पाणी गळतं. उजवीकडून जवळ गेलं की दचकते, काल तर मला भिंतीशी दाबलंच. घरचे म्हणतात आंधळं जनावर कशाला सांभाळतेस, इंजेक्शन देऊन मोकळं कर. खरंच काही होऊ शकतं का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: डाव्या डोळ्यापासून, आणि आजच. फूल बघून सगळे घाबरतात पण मला मिचकावणाऱ्या डोळ्याची जास्त काळजी वाटते, कारण मिचकावणं म्हणजे दुखणं. वरच्या पापणीचे केस बघा, बरा डोळा असेल तर ते जवळजवळ सरळ समोर येतात, दुखत असेल तर खाली झुकतात. दोन्ही डोळ्यांचे केस समोरून पडताळून बघा, लगेच कळेल.

बऱ्याचदा हा युव्हेआयटिस निघतो, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, जी बरी होते आणि परत उलटते, आणि दर वेळी थोडी नजर घेऊन जाते. जगभरात घोडे आंधळे होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पण नुसत्या अंदाजावर घरात पडलेले ड्रॉप्स घालू नका प्लीज! त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा हातचा जाईल. व्हेट आधी रंग टाकून बघतात, जखम असेल तिथे हिरवं चमकतं, मग औषध ठरतं. अ‍ॅट्रोपिन हे डोळ्याचं औषध दिलं तर बाहुली मोठी होते आणि दुखणं कमी होतं, पण त्याने आतडी मंदावू शकतात, म्हणून लीद नेहमीसारखी पडतेय ना हे बघत राहा, आणि उन्हात तिला जाळीचा मास्क घाला.

उजव्या डोळ्याला दिसतं का हे बघायला लोक तोंडासमोर जोरात हात हलवतात, त्याचा वारा लागला तरी घोडा पापणी मिटतो आणि आपण म्हणतो दिसतंय की! हात सावकाश आणा. तो डोळा पूर्ण गेला असेल आणि दुखतही असेल तर व्हेट काढून टाकायला सुचवतील, ऐकायला भयंकर वाटतं पण दुखणं गेल्यावर जनावर खूपदा खुलतं.

भिंतीशी दाबलं तो राग नव्हता हो. घोड्याला एरवी जवळजवळ ३५० अंश दिसतं, त्यातली एक बाजूच गेली तर अचानक लागलेला हात म्हणजे हल्लाच वाटणार. लांबूनच बोलत या, पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर, आणि तिच्या आणि भिंतीच्या मधे कधीच उभं राहू नका. पाणी, चारा, दार, सगळं एकाच जागी. काटेरी तार काढाच, कुंपणाच्या आत कडेने वाळूचा किंवा खडीचा पट्टा टाका म्हणजे पायाखालचं बदललं की ती थांबायला शिकेल. तोंडावरच्या मिशा कुणी सफाईच्या नावाखाली कापू नये, तिची अर्धी चाचपणी त्यांच्यावरच चालते.

आणि दया येऊन खुराक वाढवू नका. उपाशी घोड्याला एकदम दाणा दिला तर रक्तातलं फॉस्फरस कोसळून तो मरूही शकतो. आधी फक्त वाळलं गवत, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा, बाकी व्हेटला विचारून.

इंजेक्शनचं आत्ताच ठरवू नका. दुखणं आटोक्यातच येत नाही किंवा सवय होऊनही ती कायम घाबरलेलीच असते, असं झालं तर तो निर्णय क्रूर नाही, पण त्याआधी तिला उपचार तर मिळू देत.

प्रश्न: आमचा घोडा दोन्ही डोळ्यांनी गेलाय. सोबतीला दुसरा ठेवावा का? आणि बसता येईल का त्याच्यावर?

उत्तर: ठेवा, पण शांत स्वभावाचा, आणि त्याच्या गळ्यात घंटी बांधा. आधी दोघं कुंपणाच्या अल्याड पल्याड, मग एकत्र. फक्त सोबत्याला एकदम लांब नेऊ नका, मागे राहिलेला सैरभैर होऊन कुठेही धडकतो. बसण्याचं म्हणाल तर एका डोळ्याचे घोडे मस्त काम करतात, दोन्ही गेलेल्यावर काही लोक बसतात, मी मात्र दोरीने चालवूनच फिरवा म्हणेन, अडखळला तर तुम्ही दोघंही खाली.