पाच दाणे आणि एक आवतण

प्रश्न: गेली तीन वर्षे आम्ही उभयता थंडीच्या तोंडावर न्यू जर्सीला मुलाकडे जातो. थँक्सगिव्हिंग या तिथल्या कृतज्ञतेच्या सणाच्या जेवणाला सून सगळ्यांना टेबलाभोवती बसवते आणि आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते प्रत्येकाने सांगावे, असा तिचा आग्रह असतो. नातवंडे घडाघडा बोलतात. माझी पाळी आली की 'सगळे छान आहे, देवाची कृपा' एवढे म्हणून मी मोकळी होते. यजमान तर नुसती मान हलवतात. सून दुखावू नये आणि आम्हालाही ते नाटकी वाटू नये, असे काही करता येईल का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर: आपल्याकडे घरच्या माणसाचे तोंडावर आभार मानणे परकेपणाचे समजले जाते. जेवून उठणारा फार तर 'अन्नदाता सुखी भव' म्हणतो, तेही कोणाचे नाव न घेता. आपली कृतज्ञता बहुधा हातांतून व्यक्त होते. तुम्ही अमरावतीच्या, तेव्हा पोळ्याची खांदेमळणी तुम्हाला सांगायला नको: आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा ऊन पाण्याने शेकायचा, हळद-लोणी चोळायचे आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे त्याला सांगायचे. वर्षभर जोखड जिथे घासले, नेमकी तीच जागा तिथे शेकली जाते.

सुनेच्या प्रश्नात हा नेमकेपणा नाही, असे मला वाटते. 'कशाबद्दल कृतज्ञ आहात' असे विचारल्यावर आरोग्य, कुटुंब, घर हीच उत्तरे येणार आणि पुढच्या वर्षीही तीच येणार. त्याऐवजी 'या वर्षी माझ्यासाठी कोणाचा खांदा घासला?' असे विचारायला सांगा. दवाखान्यात रात्रभर बसलेला मुलगा किंवा आजीला फोनवर व्हिडिओ लावायला शिकवणारी नात आठवली, की दोन वाक्ये आपोआप सुचतात.

यजमानांसाठी तिथलीच एक रीत उपयोगी पडेल. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातल्या काही कुटुंबांत या दिवशी प्रत्येक ताटाशी मक्याचे पाच दाणे ठेवतात. सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांना एका हिवाळ्यात माणशी पाचच दाणे मिळत, अशी कथा त्यामागे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच मुलांना सांगावी. दाणा उचलायचा, नाव घ्यायचे, काम सांगायचे आणि दाणा वाटीत टाकायचा. ज्याला बोलायला जमत नाही त्याने दाणा त्या माणसाच्या ताटाशी नुसता सरकवावा. आजोबांनी सुनेपुढे न बोलता ठेवलेला दाणा तिला नक्की कळेल. मात्र आठ माणसांनी पाच-पाच दाणे मोजले तर जेवण गार होईल, म्हणून माणशी एकच पुरे. वेळही साधावी: जेवणातला टर्की पक्षी भट्टीतून काढल्यावर कापण्यापूर्वी अर्धा तास तसाच ठेवतात, तेवढ्यात हे उरकते. (आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला कृतज्ञतेच्या चिठ्ठ्यांची बरणी ठेवून पाहिली होती, तिसऱ्या वर्षी तिच्यात लवंगा भरलेल्या सापडल्या. लिहिण्याची रीत टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.)

नातवंडे विचारतील, मका कोणाचा? खरे सांगावे. न्यू इंग्लंडमधल्या प्लिमथच्या वसाहतकऱ्यांना मका पेरायला टिस्क्वांटम नावाच्या स्थानिकाने शिकवले आणि 1621 मधल्या सुगीच्या मेजवानीत तिथले मूलनिवासी वाम्पानोआग लोक सोबत जेवले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1863 मध्ये हा दिवस देशभर पाळण्याची घोषणा केली. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो 1941 मध्ये. ज्यांनी मका शिकवला त्यांच्या जमिनी मात्र पुढे गेल्या, आणि 1970 पासून त्यांचे वंशज व इतर मूलनिवासी त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात. म्हणून वाटीतला पहिला दाणा त्यांच्या नावाचा असावा.

उरले आवतण, आणि ते काम तुमचे. बुधवारी संध्याकाळी सून स्वयंपाकघरात मसाले काढत उभी असेल. तिच्या खांद्याला लोणी चोळा असे मी म्हणणार नाही, पण सिंकमधली भांडी आवरा, तिला खुर्ची द्या आणि उद्याच्या जेवणाचे आवतण सर्वांत आधी तिलाच द्या.