विकार नाही हो, विकर! (आणि खरं तर वितंचक)

प्रश्न आलाय की "कॉक्स-2 हा दाह निर्माण करणारा विकार आहे" असं एका लेखात वाचलं, हे बरोबर का?

नाही. विकर म्हणायचंय त्यांना, कॉक्स-2 (सायक्लोऑक्सिजनेज-2) हे एक विकर आहे. विकार म्हणजे आजार, विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, आणि ही चूक इतक्यांदा वाचलीय की आता डोकं उठतं.

पण लोकांना तरी काय बोलणार, दोन्ही शब्द वि + कृ मधूनच निघालेले, फरक एका कान्याचा. ज्यांनी विकर रूढ केला ते म्हणतात शब्द सुटसुटीत आहे. असेल, पण एक काना चुकला की औषधाच्या माहितीत प्रथिनाचा आजार होतो, असला सुटसुटीतपणा काय कामाचा? आपल्याकडे एन्झाइमसाठी वितंचक हा शब्द होता की! तोडून बघा: संस्कृतात तञ्च् म्हणजे आकसणं, घट्ट होणं, आणि आतञ्चन म्हणजे चक्क विरजण, वैदिक यज्ञासाठी दूध विरजायचे त्यातलं. आता ग्रीककडे या, एन्झाइम म्हणजे एन + झ्यूमे, म्हणजे खमिरातलं, क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने 1870 च्या दशकात घडवलेला शब्द. तिकडे खमीर, इकडे विरजण, दोन्हीकडे इवलंसं घालायचं आणि अख्खं भांडं पालटतं! मला तर हे इतकं आवडतं की विकर हा शब्दच रद्द करावा असं वाटतं.

आणि कॉक्सला वितंचक हा शब्द शोभतोही. कॉक्स-1, म्हणजे त्याचाच दुसरा प्रकार, बहुतेक पेशींत कायम असतं, जठराचं अस्तर सांभाळतं. कॉक्स-2 मात्र मेंदू, मूत्रपिंड अशा काही जागा सोडल्या तर एरवी जवळपास नसतंच, इजा झाली, इंटरल्यूकिन-1 सारख्या संदेशवाहक प्रथिनाचा निरोप आला की काही तासांत त्याचं जनुक जागं होतं आणि पेशी ते बनवायला लागते, मग अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून (हे पेशींतलं एक स्निग्धाम्ल) प्रोस्टाग्लँडिनं नावाची रसायनं, मग दुखणं, ताप, सूज. स्टेरॉइड ते जनुकच दाबतात, अ‍ॅस्पिरिन तयार झालेल्या वितंचकालाच अडवतं (हे जॉन व्हेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवलं). विरजणाशी एकाच ठिकाणी फारकत आहे, कॉक्स काम करता करता स्वतःच निकामी होतं, पुढच्या भांड्याला उरत नाही.

आणि हो, अ‍ॅराकिडोनिकमध्ये अ‍ॅराक्निड, म्हणजे जाळं विणणारा कोळी, शोधू नका, तिथे अ‍ॅराकिस आहे, म्हणजे भुईमूग.