ब्रीडर (पिल्लं काढण्यासाठी पाळलेल्या) लाव्हीला, म्हणजे क्वेलला, काय खायला द्यावं? अंडी पातळ कवचाची येतायत, पिल्लंही कमी निघतायत

कोंबडीचं साधं लेयर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) देत असाल तर तिथंच घोळ आहे बघा, त्यात प्रोटीन १६-१८ टक्केच असतं आणि जपानी लाव्हीला अंडी देत असताना साधारण २० टक्के लागतं. कवचासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, मादी हवा तेवढा खाते, पिल्लांना मात्र तो अजिबात नको. पिल्लं कमी निघणं हे बऱ्याचदा व्हिटॅमिन ई आणि बी-२ कमी पडल्यानं होतं, बी-२ नसेल तर बोटं वाकडी असलेली पिल्लंपण निघतात. हे सुधारलेलं खाद्य दोन-तीन आठवडे आधीच सुरू करा, मगच अंडी उबवणीच्या मशीनला लावा. आणि बुरशी लागलेला मका स्वस्तात मिळाला तरी नको! नर एकाला दोन-तीन माद्याच ठेवल्यात ना?