मालक भला होता, असं ती कोणाला म्हणाली?

प्रश्न : अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल वाचताना १९३० च्या दशकातल्या काही मुलाखती हाती लागल्या. तरुणपणी किंवा लहानपणी गुलाम असलेली म्हातारी माणसं त्यात चक्क म्हणतात, मालक भला होता, पोटाला मिळायचं. गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस सांगतो ते अगदी उलट. पण तो पडला गुलामगिरीविरोधी चळवळीतला माणूस. मग खरं कोणाचं धरायचं?

उत्तर : अगदी याच जागी मीही अडलो होतो, आणि बरा फसलोही होतो.

१९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या लेखक प्रकल्पानं १७ राज्यांत अशा २,३०० हून जास्त मुलाखती घेतल्या. त्यातला साउथ कॅरोलायनाचा खंड मी वाचत होतो. चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन, वय शंभरीपुढचं. मालक फुलर चांगला माणूस, त्याच्या बायकोचं माहेर मोठं, असा एकूण सूर. समासात पेन्सिलीनं ‘सौम्य’ असं लिहून मी पान उलटलं. थोड्या पानांनंतर सुझन हॅमिल्टन नावाच्या बाई भेटल्या. चार्ल्स्टनच्याच, आणि मालकही फुलरच. पण या सांगत होत्या की रात्रंदिवस किंकाळ्या ऐकू यायच्या, कारण कोणाची आई, कोणाचा भाऊ न सांगतासवरता विकला जायचा. एका जोडप्याचं रात्री लग्न लागलं आणि सकाळी मालकानं नवरी विकून टाकली. तिची आई भर रस्त्यात उभी राहून शिव्यांची लाखोली वाहू लागली. पोलिसांना बोलावू, अशी धमकी आली तेव्हा म्हणाली, मारा नाहीतर बोलवा पोलीस, हे सोसण्यापेक्षा मरण परवडलं. तिला वर्कहाउसमध्ये, म्हणजे गुलामांना शिक्षा द्यायच्या तुरुंगात नेलं. पुढे तिचं काय झालं ते सुझनबाईंच्या कानावर कधीच आलं नाही.

आडनावं वेगळी, म्हणून मी बायकाही दोन धरल्या. बाई एकच होती.

पहिल्या वेळी मुलाखत घ्यायला समोर होत्या जेसी बटलर, गोऱ्या. दुसऱ्या वेळी ऑगस्टस लॅडसन, कृष्णवर्णीय. त्याच्याशी बोलताना सुझनबाई त्याला ‘बाळा’ म्हणतात. बटलरबाईंनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. सुझनबाई दाराच्या आत पायरीवर बसल्या होत्या. पूर्वी ज्या सरकारी कचेरीतून त्यांना मदत मिळायची, तिथूनच ही बाई आली आहे असा त्यांचा समज झाला, आणि बटलरबाईंनी तो दूर केला नाही. म्हणजे मंदीचे दिवस, शंभरीचं वय आणि दारात मदत देऊ शकेल अशी गोरी बाई. तिच्यासमोर जुन्या गोऱ्या मालकाची उणीदुणी तुम्ही काढली असती? मी नसती काढली.

हा सावधपणा आला कुठून, ते तुमच्या त्या ‘चळवळीतल्या माणसा’नंच सांगून ठेवलं आहे. मेरिलँडच्या कर्नल लॉइडकडे इतके गुलाम होते की त्याला ते ओळखूही यायचे नाहीत. एकदा रस्त्यात एक गुलाम भेटला. ‘कोणाचा तू?’ ‘कर्नल लॉइडचा.’ ‘नीट वागवतो का?’ ‘नाही, साहेब.’ खायला देतो का, तर ‘हो, देतो, जसं असेल तसं.’ आपण प्रत्यक्ष मालकाशीच बोललो हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी त्याला बेड्या घालून जॉर्जियाच्या दलालाला विकलं. घरच्यांचा निरोप घ्यायलाही सवड दिली नाही. म्हणून कोणी विचारलं की मालक भला आणि आम्ही मजेत, हे उत्तर तयार ठेवायचं असतं, असं डग्लस लिहितो.

राहिला डग्लसच्या खरेपणाचा प्रश्न. १८४५ च्या आत्मकथनात त्यानं मालकांची, मुकादमांची नावं गावांसकट छापली, तीही कायद्यानं स्वतः अजून गुलाम असताना. पकडून नेतील म्हणून त्याला ब्रिटन गाठावं लागलं. तिथल्या मित्रांनी पुढच्या वर्षी पैसे भरून त्याला सोडवलं. दरम्यान थॉम्पसन नावाच्या एका गोऱ्या गृहस्थानं जाहीर पत्र लिहिलं : मी या माणसाला ओळखतो, तेव्हा तो फ्रेडरिक बेली होता, अडाणी गुलाम, असं पुस्तक लिहिणं त्याच्या आवाक्यातलं नव्हे. डग्लसनं त्याचे आभार मानले. मी गुलाम होतोच, याचा पुरावा तुम्ही घरबसल्या दिलात!

तरी त्या मुलाखती टाकून देऊ नका. वाचताना फक्त मुलाखत कोणी घेतली ते आधी बघा, आणि वयाचा हिशेब करा. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. १९३७ मध्ये ८५ वर्षांची असलेली व्यक्ती तेव्हा १३ वर्षांची होती, म्हणजे आठवणी पोरवयातल्या.

प्रश्न : गुलामगिरीतून पळालेली हॅरिएट जेकब्स मालकापासून सात वर्षं माळ्यावर लपून राहिली, हे पटत नाही.

उत्तर : पुष्कळांना पटलं नव्हतं. १८६१ चं तिचं पुस्तक लिंडा ब्रेंट या टोपणनावानं निघालं, त्यातली माणसंही बदललेल्या नावांची. मालकानं चालवलेला लैंगिक छळ उघड्यावर मांडायचा तर एका बाईला दुसरा इलाज नव्हता. त्यामुळे अभ्यासक कित्येक वर्षं ती कादंबरीच समजत राहिले. १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी जुन्या पत्रांवरून माणूस न् माणूस ताडून दाखवला.

माळा होता नॉर्थ कॅरोलायनातल्या एडंटनला, आजीच्या घराला जोडलेल्या पडवीवर : ९ फूट लांब, ७ फूट रुंद, उंची जास्तीत जास्त ३ फूट. अंधारात एकदा तिच्या डोक्याला काहीतरी लागलं. चाचपलं तर गिरमिट, मामा काम करताना भिंतीत रोवून विसरलेला. त्यानं तिनं ओळीनं भोकं पाडली, मधलं लाकूड कोरून इंचभर खिडकी केली, आणि मुलं दिसतील म्हणून डोळा लावून बसली. रस्त्यात पहिला दिसला तो मालक.